“वॉरंट आहे का, साहेब?”

पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीकडे निघालं की चौकच्या आसपास लोधिवली लागतं. एका अंगाला रसायनी-पाताळगंगेचे कारखाने, दुसऱ्या अंगाला थेट कर्जतपर्यंत पसरलेली फार्महाऊसं आणि मधून मुंबई-पुण्याची अखंड वाहतूक. पोलिसांच्या नजरेने पाहिलं तर झडतीचे सगळे प्रकार या एका पट्ट्यात होतात. रस्त्यावर गाडीची झडती, कारखान्यात मालाची, फार्महाऊसवर पार्टीची आणि गावात घराची. डिसेंबर 2023 मध्ये याच खालापूर तालुक्यातल्या ढेकू गावात रायगड पोलिसांनी मेफेड्रोन हा अंमली पदार्थ बनवणाऱ्या कारखान्यावर छापा घातला, तेव्हा जप्त मालाची किंमत शंभर कोटींच्या वर सांगितली गेली. एवढा मोठा छापा रोज पडत नाही. पण वर्षअखेरीची नाकाबंदी दरवर्षी लागते. बॅरिकेड, टॉर्च, “गाडी बाजूला घ्या”, “डिकी उघडा”. गाडीतला एखादा तरुण अशा वेळी हटकून विचारतो, “वॉरंट आहे का, साहेब?”

हा प्रश्न आपल्याकडे अमेरिकन मालिकांतून आला. तिथल्या राज्यघटनेत 1791 पासून चौथी घटनादुरुस्ती आहे. माणसाचं अंग, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होणार नाही, आणि सबळ कारण शपथेवर सांगितल्याशिवाय वॉरंट निघणार नाही, असं ती सांगते. आपल्या घटनेत असं वाक्य नाही. झडती हा शब्द मूलभूत हक्कांच्या भागात कुठेही सापडत नाही. वाक्य का नाही, याची हकिगत मात्र वाचण्यासारखी आहे, आणि तिच्यात आपल्याकडची माणसं आहेत.

मार्च 1947 मध्ये मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपला मसुदा ठेवला. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. अवाजवी झडती आणि जप्तीविरुद्धचा हक्क त्यात जवळजवळ अमेरिकन शब्दांतच होता. कन्हैयालाल मुन्शींच्या मसुद्यातही तशी तरतूद होती. उपसमितीने ती आधी घेतलीही. मग संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांनी शंका काढली. न्यायालयाच्या वॉरंटशिवाय झडतीच घेता आली नाही तर पोलिसांचा तपास अडेल, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेत झडतीचे नियम आहेतच. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचाही विरोध होता. कलम गळलं.

पण विषय तिथे संपला नाही. 3 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन उभे राहिले. हे मध्य प्रांत व वऱ्हाडातून आलेले सदस्य. त्यांनी तेच वाक्य दुरुस्ती म्हणून पुन्हा मांडलं. त्यावर आंबेडकरांनी दिलेलं उत्तर फारसं कुणाला ठाऊक नसतं. हे नियम संहितेत आधीपासून आहेत, असं ते म्हणाले. पण विधिमंडळाला उद्या हात लावता येऊ नये म्हणून ते घटनेत घालणं इष्ट ठरू शकेल, तेव्हा दुरुस्ती स्वीकारायला माझी तयारी आहे. मसुदा समितीच्या अध्यक्षाने होकार दिला की दुरुस्ती सहसा पार पडायची. या वेळी मतदानात गोंधळ झाला आणि निर्णय पुढे ढकलला गेला. तीन दिवसांनी, 6 डिसेंबरला, सभेने ती दुरुस्ती फेटाळली.

ज्यांनी फेटाळली त्यांतल्या कित्येकांच्या घरांवर इंग्रजी अमलात छापे पडले होते, हे ध्यानात घेतलं की नवल वाटतं. मराठी वाचकाला तर फार शोधायला नको. 24 जून 1908 रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. खटला होता ‘केसरी’तल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांचा. म्हणजे पुरावा छापील होता आणि दर आठवड्याला हजारो घरांत पोचत होता; त्यासाठी कुणाचा खण उपसायची गरज नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी पुण्याच्या वाड्याची झडती झाली आणि पोलिसांच्या हाती एक पोस्टकार्ड लागलं. त्यावर टिळकांच्या हस्ताक्षरात स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं होती. सरकार पक्षाने ते कार्ड न्यायालयात पुढे केलं. टिळकांचा खुलासा असा की सरकारने नुकताच स्फोटक पदार्थांचा कायदा केला होता, त्यातल्या व्याख्येवर टीका लिहायची होती, म्हणून संदर्भासाठी नावं टिपली. पत्रकाराच्या घरी असं टिपण सापडणं ही किती साधी गोष्ट! पण मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी बॉम्ब टाकून दोन-अडीच महिनेच लोटले होते आणि लेखांच्या शेजारी ते कार्ड ठेवलं की लेखांचा रंगच बदलत होता. नऊ ज्यूरींपैकी सात जणांनी दोषी ठरवलं आणि 22 जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. शिक्षा त्या कार्डामुळेच झाली असं कुणी म्हणणार नाही. पण एका गोष्टीसाठी घरात शिरायचं आणि दुसरीच उचलून आणायची, हा झडतीचा जुना रोग त्या एका कार्डात दिसतो.

घटनेत वाक्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये शब्दशः धरलं. एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांनी सांगितलं की चौथ्या दुरुस्तीसारखं काही आपल्या घटनाकारांनी ठेवलेलं नाही, तेव्हा ते आडवाटेने आत आणता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडलं जाऊ नये हे कलम 20(3) आहे, पण पोलिस घरात येऊन वस्तू घेऊन जातात तेव्हा घरमालक साक्ष देत नसतो, असा तो युक्तिवाद. पुढे खडक सिंग खटल्यात पोलिसांनी रात्री-अपरात्री दार ठोठावून माणूस घरात आहे का पाहणं घटनाबाह्य ठरलं, पण खासगीपणाचा हक्क म्हणून नाही. तो मान्य व्हायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावं लागलं. पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि 1954 च्या निकालाचा तेवढा भाग रद्दबातल केला. तेव्हापासून घरात, अंगावर किंवा फोनमध्ये हात घालणाऱ्या सरकारला कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूच्या मानाने बेताचा उपाय, या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. न आलेलं वाक्य अशा रीतीने जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम 21 च्या पोटात शिरलं.

पुट्टस्वामीच्या सव्वा वर्ष आधी मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रापुरता एक मोठा पल्ला मारला होता. गोवंश हत्याबंदीच्या सुधारित कायद्यात एक कलम असं होतं की राज्याबाहेर, जिथे बंदी नाही तिथे, कापलेल्या जनावराचं मांसही जवळ बाळगणं गुन्हा. 6 मे 2016 रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती एस. सी. गुप्ते यांनी हत्याबंदी कायम ठेवली, पण हे कलम रद्द केलं. घराच्या चार भिंतींत माणूस काय खातो हे पाहायला सरकारने आत येऊ नये, हा त्यातला गाभा. मला हा निकाल आवडतो तो खाण्याच्या वादामुळे नव्हे. जवळ बाळगण्याला गुन्हा म्हटलं की झडतीचा अधिकार मागोमाग आपोआप येतो, हे न्यायाधीशांनी नीट ओळखलं. कायद्यात नवा गुन्हा घालताना सहसा कुणी विचारत नाही की तो सापडण्यासाठी पोलिसांना कुणाच्या स्वयंपाकघरात उभं राहावं लागेल.

आता पुन्हा रस्त्यावर. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यानुसार झडतीचे मुख्य रस्ते दोन. एक, न्यायदंडाधिकाऱ्याचं वॉरंट, कलम 96. दुसरा, वॉरंटशिवाय, कलम 185. आपल्याकडच्या बहुतेक झडत्या दुसऱ्या रस्त्याने होतात. तेव्हा तरुणाच्या प्रश्नाचं खरं उत्तर, “नसलं तरी चालतं, पण काही अटी आहेत.” अटी अशा की गुन्ह्याचा तपास चालू हवा. अमुक वस्तू अमुक जागी सापडेल असं मानायला सकारण आधार हवा. वॉरंट आणायला गेलं तर फार उशीर होईल अशी परिस्थिती हवी. आणि ही कारणं, कोणती वस्तू शोधतोय हे धरून, झडतीच्या आधी लिहून काढायला हवीत. त्या लेखाची प्रत 48 तासांत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. इथे खालापूरचं न्यायालय. ज्याची झडती झाली त्याने अर्ज केला तर त्यालाही तिथून ती प्रत फुकट मिळते. हा अर्ज करणारे लोक मोजकेच, वकीलही त्याच्या नादाला फारसे लागत नाहीत. खरं तर पोलिसांनी आत येण्याआधी काय लिहिलं होतं आणि आत सापडलं काय, याची ताडणी याच कागदावर होते.

गाडी म्हणजे घर नव्हे, तिला हे नियम कशाला, असं वाटेल. पण संहितेच्या व्याख्येत ‘जागा’ म्हणजे घर, इमारत, तंबू, वाहन आणि जहाजसुद्धा. नाकाबंदीत गाडी थांबवून कागदपत्रं मागणं, चालकाला फुंकर मारायला लावणं हे मोटार वाहन कायद्याचं काम. डिकीतल्या बॅगेची चेन उघडली की झडती सुरू झाली. दारूबंदी कायदा किंवा अंमली पदार्थांचा कायदा लावला तर अधिकार आणखी रुंद होतात. सार्वजनिक जागी गाडी अडवून तपासायला अंमली पदार्थांच्या कायद्याचं कलम 43 पुरतं. मात्र तोच अधिकारी फार्महाऊसच्या फाटकातून आत जातो तेव्हा कलम 42 लागतं. मिळालेली खबर लिहून काढायची, 72 तासांत वरिष्ठाला कळवायची, आणि सूर्यास्त ते सूर्योदयाच्या मध्ये वॉरंटशिवाय शिरायचं तर थांबता का आलं नाही याची कारणं नोंदवायची. साध्या गुन्ह्यांना रात्रीची अशी अट नाही.

या भागातली आणखी एक गंमत म्हणजे हद्द. मुंबईत पकडलेला माणूस माल खालापूरकडे असल्याचं सांगतो आणि मुंबईचं पथक गाड्या घेऊन निघतं. कलम 185 चा अधिकार ज्याच्या त्याच्या ठाण्याच्या हद्दीपुरता. बाहेर झडती घ्यायची तर स्थानिक ठाण्याला सांगून घ्यावी, आणि तेवढ्यात पुरावा नाहीसा होईल अशी भीती असेल तर स्वतः घेऊन लगेच स्थानिक ठाण्याला यादीसह कळवावं, असं पुढचं कलम 186 सांगतं.

या सगळ्यात गावाचा माणूस येतो तो पंच म्हणून. कलम 103 म्हणतं की झडतीपूर्वी त्या वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत. तिथलं कुणी मिळत नसेल किंवा तयार नसेल तरच दुसरीकडचे. झडती त्यांच्यासमोर व्हावी, सापडलेल्या प्रत्येक वस्तूची यादी कुठे काय मिळालं हे लिहून करावी, त्यावर त्यांच्या सह्या घ्याव्यात. घरमालकाला किंवा त्याच्या माणसाला झडतीत हजर राहू द्यावं आणि सह्या केलेल्या यादीची प्रत त्याच्या हातात द्यावी. अंगझडती बाईची असेल तर बाईनेच, मर्यादा राखून घ्यावी.

नीट केलेल्या झडतीत दारात पहिली गोष्ट उलटी होते. पोलिस आणि पंच स्वतःची अंगझडती देतात, म्हणजे आत जाताना त्यांच्या खिशात काही नव्हतं हे ठरतं. मग एकेक खोली, एकेक कपाट. सापडलेली वस्तू कागदात गुंडाळायची, दोरा बांधायचा, लाखेचं सील मारायचं, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवायची. पंचनामा अमुक वाजता सुरू झाला, अमुक वाजता संपला, हेही लिहायचं. जुने जाणकार फौजदार ही वेळ फार जपून घालायचे, कारण उलटतपासणीत बचावाचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो. छापा लोधिवलीत साडेआठला आणि ठाण्यातली नोंदही साडेआठची, तर मधला रस्ता कुणी कापला?

प्रत्यक्षात पंच मिळत नाहीत. कामावर निघालेला माणूस म्हणतो, “साहेब, मला यात नका घेऊ, कोर्टाच्या तारखा कोण करणार?” सबळ कारणाशिवाय नकार देणं कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक नसतं आणि हवालदारही ते ताणत नाही. मग ठाण्याच्या ओळखीचा पानटपरीवाला, आधी तीन पंचनाम्यांवर सही केलेला रिक्षावाला, किंवा सरकारी कर्मचारी. ठाण्यात बसून लिहिलेल्या कागदावर सही होते आणि पाच वर्षांनी अलिबागच्या किंवा पनवेलच्या साक्षीपिंजऱ्यात तोच माणूस म्हणतो, “मला काही दाखवलं नव्हतं, फक्त सही घेतली.” पंच फितूर झाला अशी नोंद होते. पुष्कळदा तो फितूर नसतो; त्या दिवशी पहिल्यांदा खरं बोलत असतो.

पंच वस्तीतला का हवा, याचा प्रश्न महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात देशापुढे आला. भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी 28 ऑगस्ट 2018 रोजी दिल्ली, मुंबई, हैदराबाद आणि इतरत्र छापे घातले. दिल्लीतल्या कारवाईचे पंच होते पुणे महानगरपालिकेचे कर्मचारी. म्हणजे पोलिसांबरोबरच प्रवास करून गेलेले. सर्वोच्च न्यायालयात 28 सप्टेंबर 2018 च्या निकालात बहुमताने विशेष तपास पथकाची मागणी नाकारली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमतात या पंचांवर बोट ठेवलं. सरकारी नोकर पंच म्हणून घेण्यामागे पोलिसांची बाजू अशी की ते न्यायालयात येतात आणि फिरत नाहीत. बाजू खोटी नाही. पण ज्याला साहेबांच्या शब्दाबाहेर जाता येत नाही त्याला स्वतंत्र म्हणायचं कसं?

नव्या संहितेने यावर तोडगा काढलाय तो कलम 105 चा. झडती आणि जप्तीचं, यादी करण्याचं आणि सह्या घेण्याचं चित्रीकरण करायचं, शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. त्यासाठी ‘ई-साक्ष्य’ नावाचं ॲप दिलंय. पोलिसांना हे ओझं वाटतं. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांत झडतीच्या कायद्यात झालेला हा सगळ्यात कामाचा बदल आहे, अट एकच की चित्रीकरण दार उघडण्याआधी सुरू झालं पाहिजे. माल टेबलावर मांडून मग कॅमेरा लावला तर ती फक्त पत्रकार परिषदेची तयारी.

आणि नियम मोडले तर? इथे अमेरिकेची आणि आपली वाट साफ वेगळी होते. तिथे 1961 पासून राज्यांच्या न्यायालयांतही बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा बाजूला टाकतात. आपल्याकडे नाही. 1962 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका पोस्टमनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की झडती बेकायदा असली तरी त्यात सापडलेली वस्तू पुराव्यातून जात नाही. फार तर घरमालक झडतीला विरोध करू शकेल आणि न्यायालय पुरावा अधिक बारकाईने तपासेल. मुंबईत एका घरात परदेशी छापाची सोन्याची बिस्किटं सापडली, त्या नटवरलाल सोनी प्रकरणातही 1979 मध्ये हाच सूर लागला. विरोध करू शकेल, हे निकालपत्रात शोभतं. रात्री दारात सहा पोलिस उभे असताना कुणी तो करून बघू नये. तोंडाने हरकत नोंदवा, पंचनाम्यात लिहायला सांगा, हात उचलू नका.

याला दोन अपवाद ठळक आहेत. अंमली पदार्थांच्या कायद्यात माणसाच्या अंगाची झडती घेण्याआधी त्याला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती व्हावी असा तुला हक्क आहे. 1999 मध्ये बलदेव सिंग निकालात पाच न्यायाधीशांनी ठरवलं की हे सांगितलं नसेल तर अंगावर सापडलेल्या मालाच्या आधारावर शिक्षा उभी राहू शकत नाही. नंतरच्या निकालांनी त्याला कात्री लावली ती अशी की खांद्यावरची बॅग म्हणजे अंग नव्हे. त्यामुळे नाकाबंदीत पुडी पँटच्या खिशात सापडली की डिकीतल्या सॅकमध्ये, यावर आख्खा खटला फिरतो. दुसरा अपवाद मुंबई उच्च न्यायालयाचा. 22 ऑक्टोबर 2019 रोजी न्यायमूर्ती रणजित मोरे आणि न्यायमूर्ती एन. जे. जमादार यांनी एका व्यावसायिकाच्या फोनवर पाळत ठेवण्याचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात नसताना ऐकलेलं संभाषण पुराव्यात घेतलं तर पुट्टस्वामीला अर्थ काय उरतो, असा त्याचा रोख होता. हाच न्याय घराच्या झडतीला लावायला कायद्यात कोणती अडचण आहे, हे मला अजून कळलेलं नाही. शिवाय महाराष्ट्र पोलिस अधिनियम, 1951 च्या कलम 147 मध्ये विनाकारण झडती घेणाऱ्या पोलिसाला सहा महिने कैद किंवा 500 रुपये दंड आहेच. सत्तर वर्षांपूर्वीचे 500 रुपये.

झडतीनंतर जप्ती. इथे फार्महाऊसवाल्यांच्या कामाचा एक निकाल महाराष्ट्रातूनच गेलाय. संशयित मालमत्ता जप्त करायचा पोलिसांचा अधिकार पूर्वी जुन्या संहितेच्या कलम 102 मध्ये होता, आता नव्या संहितेच्या 106 मध्ये. त्याखाली जमीन, घर, बंगला जप्त करता येतो का? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2010 मध्ये बहुमताने नाही म्हटलं. 24 सप्टेंबर 2019 रोजी नेवाडा प्रॉपर्टीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. ताबा कुणाचा, मालकी कुणाची, हे दिवाणी न्यायालयाने ठरवायचं. जमिनीच्या भांडणात पोलिसांना कुलूप ठोकायची मुभा दिली तर कुलपाचा बाजार मांडला जाईल. सातबारा आणि खरेदीखताचे कागद मात्र पोलिस घेऊ शकतात. बँक खातं गोठवता येतं, कारण 1999 मध्ये तापस नियोगी प्रकरणात, तेही महाराष्ट्रातलंच, खात्यातली रक्कम मालमत्ता ठरली. गाडी सोडवायची तर न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर घ्यायची. वाहनं ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच बजावलंय. महामार्गावरच्या कुठल्याही ठाण्याच्या कुंपणापाशी उभं राहिलं की त्या आदेशाचं काय झालं ते दिसतं.

गाडीपेक्षा आता मोठा प्रश्न खिशातल्या फोनचा आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये हैदराबादचे पोलिस रस्त्यावर लोकांना थांबवून व्हॉट्सॲपमध्ये गांजा हा शब्द शोधत असल्याची चित्रफीत फिरली आणि हा प्रकार सगळ्यांना दिसला. फोन हा कागदपत्रांसारखाच मागवता येतो, जप्तही करता येतो, हे नव्या संहितेने स्पष्ट केलंय. पण नाकाबंदीत उभ्या उभ्या “अनलॉक कर, गॅलरी दाखव” म्हणण्याला कलम नाही. तपासासाठी फोन घ्यायचा तर कुठल्या गुन्ह्यात, हे सांगून आणि पंचनामा करून घ्यावा लागतो. नोव्हेंबर 2023 मध्ये पत्रकारांच्या उपकरणांच्या जप्तीच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं की असा बेलगाम अधिकार धोकादायक आहे, मार्गदर्शक तत्त्वं आणा. पासवर्ड सांगणं म्हणजे बोटाचा ठसा देण्यासारखं की स्वतःविरुद्ध साक्ष देण्यासारखं, यावर उच्च न्यायालयं एकमताची नाहीत. 1961 मध्ये काठी कालू ओघड प्रकरणात अकरा न्यायाधीशांनी ठसा आणि हस्ताक्षराचा नमुना देणं ही साक्ष नव्हे असं ठरवलं होतं, पण डोक्यात लपवलेले सहा आकडे त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

फोन द्यावाच लागला तर पंचनाम्यात त्याचा आयएमईआय क्रमांक आणि सिमकार्डाचा तपशील लिहून घ्यायला सांगावं, फोन बंद करून सीलबंद करायला सांगावं आणि त्यातल्या माहितीची प्रत काढली तर तिची हॅश किंमत मागावी. नव्या साक्ष्य अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात ही किंमत घालायला लावलीय. एक अक्षर बदललं तरी ती संख्या बदलते, त्यामुळे जप्तीनंतर कुणी आत काही घातलं का, हे नंतर तपासता येतं. पंचाला हॅश म्हणजे काय हे ठाऊक नसलं तरी चालेल. सही करण्याआधी ती संख्या कागदावर लिहिलेली आहे ना, एवढं त्याने पाहावं.